पांढरी, काळी आणि कलेक्टरचा शिक्का : जमीन कशासाठी वापरायची, हे ठरवते कोण?

१/ नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट हे गाव डोळ्यांसमोर आणा, किंवा खानदेशातील दुसरे कोणतेही. समजा, तिथल्या एका शेतकऱ्याला आपल्याच शेताच्या कडेला दुकानांचे चार गाळे बांधायचे आहेत. जमीन त्याची, पैसाही त्याचा. तरीही त्याला परवानगी लागते. बोलीभाषेत तिला ‘एनए’ म्हणतात, सरकारी मराठीत ‘अकृषिक परवानगी’. ही परवानगी आली कुठून आणि तिने या जिल्ह्यात काय काय ठरवून टाकले, त्याचा हा थ्रेड. 🧵

२/ आरंभ दोन जुन्या शब्दांपासून. पांढरी म्हणजे गावाची वस्ती आणि काळी म्हणजे पिकाची जमीन. मराठी मुलखात गाव या दोन रंगांत विभागलेले असे. पांढरीत घरे, देऊळ, चावडी, काळीत शेते. पांढरी वाढली की काळी घटते, आणि काळी घटली की सरकारचा सारा घटतो. त्यामुळे या दोहोंमधली रेघ नुसत्या सोयीची नव्हती. तिच्यात सत्तेचा हितसंबंध गुंतलेला होता.

३/ मराठा काळात नवी वस्ती उभी करायची तर ‘कौल’ दिला जाई. पुण्यातल्या पेठा अशाच वसल्या. शेटे-महाजनांना कौल मिळे आणि नव्या रहिवाशांना काही वर्षे करांत सूट असे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यासाठी ‘इस्तावा’ असे, म्हणजे दरवर्षी थोडा थोडा चढत जाणारा सारा. जमिनीच्या तंट्यात गावचे वतनदार गोतसभेत बसून निवाडा करीत. या व्यवस्थेत विषमता पुष्कळ होती, पण निर्णयाची जागा गावाच्या नजरेसमोर असे.

४/ १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला कलेक्टर. सततच्या धामधुमीने उजाड झालेला मुलूख पुन्हा लागवडीखाली आणणे, ही नव्या सत्तेची निकड होती. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी आणि जेम्स औट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली. भिल्लांना जमिनी आणि तगाई देऊन ‘स्थिर’ करण्याचे धोरणही याच काळातले. डोंगरातल्या माणसाने शेतकरी व्हावे, हे सरकारने ठरवले.

५/ पुढची पायरी मोजणीची. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची पद्धत १८३६ मध्ये इंदापुरात सुरू झाली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला प्रत आणि त्यावर ठरावीक ‘आकार’. खानदेशाने हे निमूट स्वीकारले नाही. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागात शेतकरी मोठ्या संख्येने मोजणीविरुद्ध एकवटले आणि त्यांना पांगवण्यासाठी सैन्य आणावे लागले. मोजणी मात्र पुढे पुरी झालीच.

६/ मोजणीने शेतकऱ्याला नंबर दिला. त्या नंबरावर काय करता येईल, हे सांगितले १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने. कलम ६५ चा आशय साधा आहे. कब्जेदार आपल्या शेतात विहीर खोदू शकतो, शेतीसाठी लागणारी इमारत बांधू शकतो. पण शेतीखेरीज दुसऱ्या कामाला जमीन लावायची असेल, तर आधी कलेक्टरची परवानगी घ्यावी लागेल. आजच्या ‘एनए’चे मूळ इथे आहे.

७/ या कलमामागे नगररचनेचा विचार नव्हता. होता तो महसुलाचा हिशेब. कलम ४८ नुसार जमिनीचा आकार तिच्या वापरावर अवलंबून होता : शेतीसाठी एक, इमारतीसाठी दुसरा. जमिनीचे उत्पन्न वाढले की सरकारचा वाटाही वाढला पाहिजे, हा त्यातला न्याय. म्हणून अर्ज कलेक्टरकडे. शेजाऱ्यांना काय वाटते, गावाला रस्ता उरतो की नाही, हे प्रश्न त्या अर्जात नव्हतेच.

८/ ते प्रश्न शहरांतून आले. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, हिंदुस्थानातला पहिला. पुढे ब्रिटनने १९४७ च्या कायद्याने जवळजवळ प्रत्येक बांधकामाला स्थानिक नियोजन प्राधिकरणाची परवानगी आवश्यक केली, आणि ते प्राधिकरण म्हणजे काउंटीची निवडून आलेली परिषद. हा फरक लक्षात ठेवा. तिथे अर्ज गेला लोकप्रतिनिधींकडे, इथल्या खेड्यात तो राहिला अधिकाऱ्याकडे.

९/ स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६६ साली दोन मोठे कायदे केले. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने ‘विकास परवानगी’ आणली. जमीन महसूल संहितेने ‘अकृषिक परवानगी’ पुढे चालवली. जुने कलम ६५ आता ४२ आणि ४४ झाले. गावाच्या हद्दीतल्या इमारतींवर काही नियंत्रण १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीकडे दिले होते. म्हणजे पांढरीत पंचायतीचा शब्द काहीसा चाले. काळीची पांढरी करण्याचा अधिकार कलेक्टरचाच राहिला.

१०/ कलम ४४ मधली एक तरतूद विशेष आहे. अर्जाची पोच दिल्यावर कलेक्टरने ९० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाई. नागरिकाची खोळंबा होण्यापासून सुटका करणारी ही तरतूद. तिच्यामागचा हेतू चांगलाच. पण तिचा दुसरा अर्थही आहे : कार्यालयाचे मौन म्हणजे होकार. गावाच्या मौनाची मात्र कुठे नोंदच नव्हती, कारण गावाला कुणी विचारलेच नव्हते.

११/ इथवरची कथा महसुलाची. आता तिला समांतर वाहणारी दुसरी कथा, जमीन हातातून निसटण्याची. मोजणीने जमीन विकण्याजोगी, गहाण टाकण्याजोगी केली. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांच्या वह्या जळाल्या. १९०१ मध्ये सरकारने जमीन-हस्तांतरावर निर्बंध घालू देणारी दुरुस्ती आणली, तेव्हा फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले निषेध म्हणून विधिमंडळातून उठून गेले. निर्बंध रयतेला तारतील की तिची पत बुडवतील, हा वाद तेव्हापासूनचा आहे आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

१२/ पश्चिम खानदेशात या निसटण्याचा भार आदिवासींवर पडला. कर्ज, गहाण, तोंडी खंड, कोऱ्या कागदावरचा अंगठा : वाटा अनेक, शेवट एकच. पूर्वीचा खातेदार आपल्याच शेतात सालदार झाला. १९७१ मध्ये शहादा तालुक्यातील पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आदिवासी संघटित होत होते. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि श्रमिक संघटनेचे काम उभे राहिले. मागणी दयेची नव्हती. गेलेली जमीन परत मिळावी, अशी होती.

१३/ अशा चळवळींच्या दबावाच्या काळात विधिमंडळाने दोन पावले उचलली. संहितेत कलम ३६अ आले : ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे पूर्वमंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. दुसरा कायदा जमिनी परत देण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेली जमीन मूळ आदिवासी मालकाला परत मिळू शकते. त्याने ती स्वतः कसायची आणि आकाराच्या ४८ पट रक्कम व सुधारणांची किंमत भरायची.

१४/ जरा थांबा. जमीन परत घेण्याचे मोल ठरवायला माप कोणते? ‘आकार’. ज्या मोजणीविरुद्ध खानदेश १८५२ मध्ये उठला, तिच्यातूनच रुजलेला शब्द. इतिहास असा जुन्या मापांतून नव्या कायद्यात शिरतो. इथे तो आदिवासीच्या बाजूने शिरला, कारण आकार तुटपुंजा असल्याने रक्कम आवाक्यात राहिली.

१५/ आणि आता या थ्रेडचा गाभा. परत देण्याच्या त्या कायद्यात एक अट आहे. जमीन परत मिळेल; पण ६ जुलै १९७४ रोजी किंवा त्यापूर्वी ती अकृषिक वापरात आणली गेली नसेल, तरच. म्हणजे दोन भावांनी एकाच सावकाराला शेजारशेजारची दोन शेते दिली असे समजा. एकात ज्वारी पेरली जात राहिली, दुसऱ्यावर गिरणी उभी राहिली. पहिल्याची जमीन परत येऊ शकते. दुसऱ्याची गेली ती गेली.

१६/ ज्या भेदाची सुरुवात सारा वाढवण्यासाठी झाली होती, तोच भेद आता मालकी ठरवू लागला. ‘जमीन कशासाठी वापरायची’ हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. त्याच्या पोटात नेहमी दुसरा प्रश्न असतो : जमीन कोणाची राहणार? या कायद्यालाच आव्हान मिळाले, तेव्हा १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पण त्यातली ही अट तशीच राहिली.

१७/ निर्णयाची जागाही दूर होती. १९७४ मध्ये नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. अक्राणीच्या डोंगरातल्या माणसाचा कलेक्टर धुळ्यात बसे. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधीच सर्वांत मोठा ‘वापरबदल’ ठरून गेला होता. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ चा. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्राची ३३ गावे बाधित ठरली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीची. लवादापुढे पक्षकार होती राज्ये. त्या गावांपैकी एकही पक्षकार नव्हते.

१८/ गावाला पहिल्यांदा औपचारिक आवाज मिळाला तो १९९६ मध्ये. ७३ व्या घटनादुरुस्तीतून अनुसूचित क्षेत्रे वगळली गेली होती. दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींनंतर २४ डिसेंबर १९९६ रोजी ‘पेसा’ कायदा अमलात आला. नंदुरबारमध्ये नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्णतः आणि शहादा व नंदुरबार तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्राचे पेसा नियम मात्र यायला २०१४ उजाडले.

१९/ पेसातले शब्द नीट वाचा. गौण खनिजाच्या पट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा पंचायतीची आधीची ‘शिफारस’ बंधनकारक. भूसंपादनाआधी मात्र नुसता ‘सल्ला’. बेकायदा गेलेली जमीन परत मिळवून देण्याचा अधिकारही त्यात आहे. पुढे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत ‘पूर्वसंमती’ आणली. सल्ला ते संमती, एका शब्दाचा हा प्रवास व्हायला १७ वर्षे लागली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ओडिशातील नियमगिरीच्या १२ ग्रामसभांना खाणीबाबत विचारले गेले. बाराही ग्रामसभांनी नकार दिला.

२०/ उलट दिशेचा प्रवाहही पाहिला पाहिजे. १९९४ मध्ये खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी अकृषिक परवानगीची अट शिथिल झाली. २०१४ नंतरच्या दुरुस्त्यांनी (कलम ४२अ ते ४२ड) विकास आराखड्यातील आणि गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनींची वाट सोपी केली. वर्ग दोनच्या जमिनींना मात्र वेगळी परवानगी लागतेच. सुलभीकरण गरजेचे होते, यात शंका नाही. चार गाळ्यांसाठी वर्षभर खेटे घालणाऱ्याला विचारा.

२१/ पण सुलभ म्हणजे कोणाला सुलभ, हेही विचारले पाहिजे. १८७९ पासून या परवानगीचा कागद एकच प्रश्न विचारत आला : सरकारचे काय? १९७४ ने दुसरा प्रश्न जोडला : मूळ मालकाचे काय? १९९६ ने तिसरा : गावाचे काय? परवानगीची पायरी काढून टाकायची असेल तर पहिला प्रश्न खुशाल काढावा. उरलेले दोन त्याच कागदाबरोबर वाहून जाऊ नयेत, एवढेच.

२२/ शेवटी एक गृहपाठ. गावी जाल तेव्हा सातबारा नीट वाचा. भोगवटादार वर्ग एक की दोन? ‘इतर अधिकार’ रकान्यात कलम ३६अ चा उल्लेख आहे का? मग गाव नमुना दोन मागून पाहा. अकृषिक जमिनींची नोंद त्यात असते. कोणते शेत कोणत्या साली काळीतून पांढरीत गेले, ते तिथे सापडेल. तारीख ६ जुलै १९७४ च्या अलीकडची आहे की पलीकडची, तेही पाहा. कोणाच्या तरी घराचा इतिहास त्या एका तारखेवर फिरलेला असू शकतो.

थ्रेड समाप्त. तुमच्या गावच्या पांढरीची सीमा कुठवर सरकली आहे, ते खाली जरूर लिहा.