फंड गावी येतो, दवाखाना मागे राहतो

आजच्या व्याख्यानाचं नाव पत्रिकेत 'निवृत्तीची तजवीज आणि आजारपणाचा खर्च' असं छापलंय. ते वाचून निम्म्या लोकांना वाटलं असणार की विमा कंपनीचा माणूस आलाय. (हशा) मी इतिहासाचा मास्तर आहे, विकायला माझ्याकडे काही नाही. आपल्याकडच्या कष्टकरी माणसाने म्हातारपणाचा कधी विचारच केला नाही, असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. विचार केला होता, आणि नीट केला होता. तो कोलमडला बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, ते म्हणजे आजारपण. ते का झालं, एवढंच आज बघायचं.

सुरुवात जवळूनच करू. शिरवळहून नायगाव किती लांब? आपल्याच खंडाळा तालुक्यातलं गाव, सावित्रीबाईंचं माहेर. सावित्रीबाई म्हटलं की आपण शाळेपाशी थांबतो. त्यांच्या घरातली शेवटची वर्षं कोणी फारसं सांगत नाही. मे १८८८ मध्ये मुंबईत जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी दिली गेली आणि त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीराव डाव्या हाताने लिहायला शिकले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक त्यांनी तसंच पुरं केलं. हे आपल्याला माहीत असतं. पण घर कशावर चाललं होतं? एके काळी कंत्राटदारीत त्यांनी बरा पैसा मिळवलेला होता. तो सगळा शाळांत, चळवळीत गेला होता. पेन्शन असण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून मदतीची विनंती केली. एवढ्या मोठ्या माणसाचं आजारपण ओळखीवर आणि एका राजाच्या मनावर अवलंबून राहिलं. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. सावित्रीबाई पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या.

मग त्या काळात पेन्शन होती कोणाला? सरकारी नोकराला आणि पलटणीतल्या माणसाला. साताऱ्यात याचं एक उदाहरण आहे, आणि ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सुभेदार रामजी सकपाळ फौजेतून पेन्शनीत निघाले, आधी दापोलीला राहिले, मग साताऱ्याला आले. घर मोठं, पेन्शन थोडी, म्हणून साताऱ्यात त्यांनी पुन्हा नोकरी धरली. भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. धाकटा मुलगा ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाला. म्हणजे पेन्शन असून माणसाला पुन्हा कामाला लागावं लागतं, हे भीमराव आंबेडकरांनी घरातच पाहिलं होतं.

ज्यांना पलटण नव्हती ते मुंबईला गेले. सातारा जिल्ह्यातून, रत्नागिरीतून माणसं गिरणीत गेली, गोदीत गेली, बाजारात ओझी उचलायला गेली. त्यांची योजना काय होती बघा. बायको-मुलं गावी ठेवायची. स्वतः एका खोलीत दहा-बारा जणांत राहायचं, खाणावळीत जेवायचं, मनिऑर्डर करायची. गावी जमीन टिकवायची, जमलं तर तुकडा वाढवायचा. अंग थकलं की परत यायचं. ही पेन्शन योजनाच झाली की! हप्ता मनिऑर्डरीचा, आणि योजना सांभाळणारी घरची बाई. तिचं नाव कुठल्या कागदावर नाही, तो भाग वेगळा.

सरकारलाही हे सोयीचं होतं. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही मजूर आयोगाने १९३१ साली अहवाल दिला. ना. म. जोशी त्या आयोगावर सदस्य होते. कामगाराचं गावाशी असलेलं नातं टिकलेलं बरं, असं आयोगाचं मत पडलं. कारण उघड आहे. कामगार आजारी पडला, म्हातारा झाला, बेकार झाला, तर त्याला सांभाळायला गाव होतं. कारखान्याने माणूस धडधाकट असताना वापरायचा आणि खोकू लागला की गावाने सांभाळायचा. मला हा व्यवहार फार एकतर्फी वाटतो.

त्यात बदल व्हायला सुरुवात झाली दुसऱ्या महायुद्धात. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं कोणाकडे होतं? त्या साताऱ्याच्या शाळेतल्या मुलाकडे. त्याच काळात प्रा. बी. पी. आडारकरांकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम दिलं गेलं. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यावर १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला, आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो. १९५४ मध्ये ही योजना मुंबईत आली. दुसरीकडे १९५२ चा भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला, म्हणजे फंड. सुरुवातीचा दर सव्वासहा टक्के, म्हणजे कामगाराच्या रुपयामागे एक आणा आणि तेवढाच मालकाचा.

आता इथे थोडं थांबू, कारण खरी गोम इथे आहे. पैसा एका कायद्याने आला, औषध दुसऱ्याने. पैसा माणसाबरोबर गावी येऊ शकत होता. औषध मात्र नोकरीला आणि शहराला बांधलेलं होतं. विम्याचे दवाखाने परळला, वरळीला, मुलुंडला. नोकरी संपली की ठरावीक मुदतीनंतर तो हक्क संपायचा. म्हणजे तिशीतल्या माणसाला डॉक्टर फुकट, आणि साठीला खरी गरज लागली तेव्हा डॉक्टर नाही.

माझे थोरले चुलते मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी ते गावी आले. फंड आणि ग्रॅच्युइटी एकदम हातात आली, तोवर एवढे पैसे घरात कोणी पाहिले नव्हते. धाकट्या मुलीचं लग्न झालं, घरावर पत्रे चढले, विहिरीतला हिस्सा सोडवला. एकही पैसा उधळला नाही, मी साक्षीला आहे. दोन वर्षांनी खोकला वाढला. कापसाची धूळ छातीत घेऊनच ते आले होते. मग पुण्याच्या फेऱ्या, इंजेक्शनं, एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजगार. आधी म्हैस गेली, मग सोडवलेला विहिरीचा हिस्सा परत गेला. विम्याचं कार्ड त्यांच्या ट्रंकेत शेवटपर्यंत होतं. 'हे इथं चालत नाही,' असं म्हणून चुलती ते पुन्हा कपड्यांखाली ठेवायची.

महिन्याची पेन्शन का नव्हती? १९७१ ची योजना कुटुंब पेन्शनची होती. कामगार नोकरीत असताना मेला तर विधवेला पैसे. जिवंत राहिला तर त्याला स्वतःला दरमहा काही नाही. ती सोय १६ नोव्हेंबर १९९५ ला आली. दरम्यान १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. हजारो माणसं पन्नाशीच्या आतच गावी परतली, आणि १९९५ च्या योजनेत त्यांना जागाच उरली नाही.

या सगळ्यात एक वेगळा प्रयोग आपल्या जिल्ह्याच्या माणसाने केला. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील. माथाडी हमालाची अडचण अशी की त्याला मालक एक नाही. सकाळी या पेढीवर, दुपारी त्या गोदामात. मग फंड कोणी कापायचा? १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याचं उत्तर काढलं. मंडळ स्थापन करायचं, हमालाची नोंदणी मंडळाकडे, मजुरी आणि वरची लेव्ही मालकांनी मंडळात भरायची. मालक कितीही बदलोत, खातं एकच. भारतीय कामगार कायद्यांत इतकी साधी आणि शहाणी कल्पना मला दुसरी दिसत नाही.

आता शिरवळच्या चौकात या. पूर्वी या रस्त्याने माणसं पुण्या-मुंबईकडे जायची. आता कारखाने खंबाटकीच्या अलीकडेच आलेत. मुलं गावात राहून कामाला जातात. पण बरेच जण कंत्राटदाराकडे. आज हा, वर्षाने तो. म्हणजे हमालाचीच गत, फक्त मंडळ नाही.

हिशोब सांगतो. पेन्शनसाठी किमान १० वर्षं नोकरी भरावी लागते, वय ५८. पगार १५,००० च्या वर असला तरी २०१४ पासून पेन्शनला तेवढाच धरतात. वीस वर्षांच्या नोकरीला महिना साडेचार हजारांच्या आसपास येतात. २०१४ पासून किमान पेन्शन १,००० आहे. साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या कोणाच्या घरात आहेत त्यांनी मनात वजाबाकी करावी.

सरकारी योजना आहेत, नाही असं नाही. जीवनदायी २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सातारा नव्हता. आपल्याकडे ती २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये आली. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांची गोष्ट आत्ताच सांगितली, त्यामुळे मला ते नाव योग्य वाटतं. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान योजना ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. पण या योजना दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांसाठी आहेत. दर महिन्याची गोळी त्यात बसत नाही, पुण्याचं एसटीभाडं तर नाहीच.

आणि एक गोष्ट, जी माझ्या चुलत्यांच्या वेळी नव्हती आणि आजही फार थोड्यांना माहीत आहे. ईएसआयमध्ये किमान पाच वर्षं असलेला माणूस वयोमानाने निवृत्त झाला, तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. महिन्याला दहा रुपये पडले. अडचण ही की पगार २१,००० च्या वर गेला की माणूस ईएसआयमधून बाहेर पडतो. शेवटच्या वर्षांत पगार वाढला म्हणून दवाखाना गेला, असं कित्येकांचं झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामंडळाने ३०,००० पर्यंत पगार गेलेल्यांसाठी ही अट सैल करायचं ठरवलं. ज्यांना लागू होतं त्यांनी चौकशी करा.

मागच्या वर्षी असंच बोलून झाल्यावर एक मुलगा थांबला होता. वय ३४. नऊ वर्षांत चार कंत्राटदार. वडिलांचं ऑपरेशन निघालं तेव्हा पहिल्या दोघांकडचा फंड त्याने काढला, पेन्शनचा हिस्सासुद्धा, फॉर्म १० सी भरून. 'सर, ती वर्षं जोडता येतात का?' असं त्याने विचारलं. पैसे काढलेली चार वर्षं गेली होती. पुढच्या दोघांकडे खात्याचे क्रमांक वेगवेगळे पडले होते, ते एकाखाली आणायला तीन महिने लागले. पाच वर्षं जमा निघाली. दहा भरायला अजून पाच हवीत. वडील आता बरे आहेत, तपासणीला दर दोन महिन्यांनी पुण्याला जातात, आणि त्या दिवसाचा त्याचा खाडा पडतो.