गिरवण्याच्या अक्षरांचा उगम

बालवर्गात खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवल्याचे आणि भोकांत नेमके बसणारे लाकडी दट्टे हाताळल्याचे अनेक माजी विद्यार्थ्यांना स्मरत असेल. या साधनांमागची रीत मुळात कोणासाठी जन्मली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

१८०० मध्ये आव्हेरोनच्या रानात सापडलेला एक मुका मुलगा पॅरिसला आणला गेला. आजचे काही अभ्यासक त्याच्यात स्वमग्नतेची लक्षणे पाहतात. नामवंत वैद्य पिनेल यांनी त्याच्या सुधारणेची आशा सोडली. तरुण इतार यांनी मात्र एकेका इंद्रियाला जागे करीत त्याला सुमारे पाच वर्षे शिकवले. दुधासाठीच्या फ्रेंच शब्दाची चार अक्षरे तो जुळवू लागला. बोलू लागला नाही. इतारांनी ते आपले अपयश मानले. मला तसे वाटत नाही.

सेगँ यांनी ही रीत तेव्हाच्या भाषेत 'मतिमंद' म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी पद्धतशीर केली. १९०० च्या सुमारास रोममध्ये मारिया माँटेसरींनी लाकडी अक्षरांवरून अशाच मुलांची बोटे फिरवली, आणि त्यांतील काही मुले इतरांच्या बरोबरीने लेखन-वाचनाच्या परीक्षेत उतरली. लोक थक्क झाले. बाईंना प्रश्न पडला तो निराळाच : मग धडधाकट मुले शाळेत एवढीच मजल का मारतात? १९०७ मध्ये सॅन लोरेन्झोच्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. तशी लाकडी अक्षरे तेथे करून मिळेनात, म्हणून कागद कापला गेला. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या हातून ही पद्धत आपल्या बालवाड्यांपर्यंत आली.

ज्यांच्यामुळे ती जन्मली, ती मुले मात्र बाहेरच राहिली. मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ मध्ये जय वकील शाळा सुरू केली. त्याच्या आदल्याच वर्षी कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकात स्थान दिले होते. तरीही आपल्या १९९५ च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला स्वतंत्र दिव्यांगत्व मानले.

'याला दुसरीकडे न्या' हे ऐकून परतलेल्या पालकांची नोंद प्रवेशपुस्तकात नसते. शिक्षक असताना मीही एका आईला असेच परत पाठवले आहे. तिचा मुलगा तेवढ्या वेळात टेबलावरचे दट्टे एकेक करून भोकांत बसवीत होता.