बिछडी जलप्रदूषण खटला
औद्योगिक रसायनांमुळे पिण्याचे पाणी दूषित झाल्याबद्दल भारताच्या सर्वोच्च न्यायालयात चाललेला एक महत्त्वाचा खटला. बिछडी हे राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यातील खेडे. तेथे सिल्व्हर केमिकल्स या कारखान्यात १९८८ मध्ये एच-आम्लाचे उत्पादन सुरू झाले. हे आम्ल कृत्रिम रंगांच्या निर्मितीस लागते. उत्पादन सुमारे वर्षभरच चालले. तथापि सिल्व्हर व त्याच समूहातील ज्योती केमिकल्स यांच्या सु. ३७५ टन एच-आम्लामागे सु. २,४०० टन विषारी गाळ साचला. तो उघड्यावर टाकल्यामुळे त्यातील द्रव्ये पावसाबरोबर जमिनीत झिरपली. विहिरींचे पाणी तांबूस होऊन ते पिण्यास, गुरांना व शेतीलाही निरुपयोगी ठरले. लोकक्षोभ उसळला. १९८९ मध्ये इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन या संस्थेने न्यायालयाकडे अर्ज केला. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) हानीची शास्त्रीय पाहणी केली.

अशा दाव्यांत मूळ प्रश्न दायित्वाचा असतो. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर (१८६८) या इंग्लिश निर्णयाने जागेवर साठविलेला धोकादायक पदार्थ निसटल्यास मालकास जबाबदार धरले. परंतु त्यास अपवाद होते. केंब्रिज वॉटर कंपनीच्या खटल्यात (१९९३) चामड्याच्या कारखान्यातील विद्रावकाने विंधनविहीर दूषित झाली असूनही, ही हानी पूर्वी कल्पनीय नव्हती म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने भरपाई नाकारली. भारतात मात्र दिल्लीतील वायुगळतीविषयीच्या मेहता खटल्यात (१९८७) घातक उद्योगांवर निरपवाद दायित्व ठरविण्यात आले होते. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी बिछडीच्या निर्णयात न्या. जीवन रेड्डी यांनी तेच तत्त्व लागू केले. पुरेशी काळजी घेतली होती, हा बचाव त्यामुळे निरर्थक ठरला. पीडितांची भरपाई व दूषित परिसर पूर्ववत करण्याचा खर्च, हे दोन्ही भार प्रदूषकावरच पडतात, असे न्यायालयाने सांगितले. ग्रामस्थांना वैयक्तिक नुकसानीसाठी दिवाणी दावे लावण्याची मुभा देण्यात आली.

निर्णयाची अंमलबजावणी मात्र रेंगाळली. शुद्धीकरणासाठी १९९७ मध्ये ३७.३८५ कोटी रु. आकारण्यात आले, कंपन्यांनी अर्जांमागून अर्ज करून ते भरणे टाळले. १८ जुलै २०११ रोजी ते अर्ज फेटाळून न्यायालयाने या रकमेवर १२ टक्के चक्रवाढ व्याज व १० लाख रु. खर्च लादला. विहिरी नासण्यास एक वर्ष पुरले; त्याचे मोल वसूल करण्याचा आदेश पक्का होण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. दायित्वाचे तत्त्व कितीही कठोर असले, तरी वसुलीच्या दिरंगाईने ते दुबळे होते, हे या खटल्यावरून दिसून येते. [⟶ प्रदूषण].