किंकेरी ते युकी: एका भाषेच्या परीक्षेची गोष्ट

कानावर हेडफोन, समोर मायक्रोफोन आणि आजूबाजूला डझनभर परीक्षार्थी. कानात ‘टुक’ असा आवाज आला की सगळ्यांनी एकदम बोलायला लागायचं. पहिल्या वेळी तो आवाज झाला आणि माझ्या डावीकडचा माणूस असा काही फाडफाड फिनिश बोलायला लागला, की मी त्याचंच ऐकत बसले. दुसरा ‘टुक’ झाला तेव्हा कळलं, की आपली वेळ संपली. निकाल आला: लिहिण्यात ३, बोलण्यात २.

ही फिनलंडची सरकारमान्य भाषापरीक्षा. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं घेऊन इथे सगळे तिला ‘युकी’ म्हणतात. १९९४पासून ती चालू आहे. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आणि १ ते ६ अशा श्रेणी. नागरिकत्वासाठी ३ लागते, म्हणजे माझं घोडं अगदी एका पायरीवर अडलं होतं.

माझं ऑफिस इंग्रजीत चालतं, त्यामुळे कागदावर काही बिघडलं नव्हतं. पण त्याच्या महिनाभर आधी मी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. बरोबर सहा वर्षांची लेक होती. डॉक्टरीणबाई फिनिशमध्ये काहीतरी बोलल्या, मी मान हलवली, आणि खुर्चीशेजारून आवाज आला, “आई, त्या म्हणतायत दाढ काढावी लागेल. तू घाबरू नकोस.” दाढेपेक्षा ते वाक्य जास्त दुखलं. आईला धीर देणं हे सहा वर्षांच्या पोरीचं काम नाही.

निकालाच्या दिवशी शेजारच्या आजींनी कॉफीला बोलावलं. माझा चेहरा बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे तू किंकेरीत नापास झालीस.”

हा शब्द माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्या रात्री शोधत बसले आणि अभ्यास राहिला बाजूला, मी थेट सतराव्या शतकात पोचले.

तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता. १६८६च्या चर्च कायद्याने ठरवलं, की प्रत्येकाला धर्मप्रश्नोत्तरं आली पाहिजेत आणि देवाचा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आला पाहिजे. मग पाद्री गावोगाव फिरून एखाद्या मोठ्या घरात आसपासच्या लोकांना जमवायचा आणि एकेकाची परीक्षा घ्यायचा. हीच किंकेरी. चर्चच्या वह्यांमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे शेरा पडायचा. ज्याला प्रश्नोत्तरं येत नाहीत, त्याचं लग्न लागत नसे! आजींची आई सांगायची म्हणे, की किंकेरीच्या आदल्या रात्री घरातल्या बाप्यांनाही झोप लागायची नाही.

लोकांनी यावर उपाय काय काढला असेल? तोच, जो आपण सगळ्यांनी शाळेत काढला. घोकंपट्टी. पुस्तक हातात धरायचं आणि पाठ केलेलं म्हणायचं. पण पाद्रीही काही कच्चे नव्हते. वाचता येतं का आणि वाचलेलं समजतं का, याच्या नोंदी ते वेगवेगळ्या ठेवत.

इथे मी जरा चपापले. मी काय वेगळं केलं होतं? ‘माझा छंद’, ‘माझं घर’, ‘पर्यावरणाबद्दल माझं मत’ अशी उत्तरं पाठ करून गेले होते. प्रश्न जरासा फिरला आणि माझी गाडी रुळावरून घसरली.

पण फिनिशची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. लोकांची फिनिशमध्ये परीक्षा होत होती खरी, पण त्या भाषेला स्वतःला मोठ्या दरवाजांतून आत प्रवेश नव्हता. मिकाएल आग्रिकोलाने १५४३च्या सुमारास पहिलं फिनिश पुस्तक छापलं, एक अंकलिपी. त्यानंतर तीनशे वर्षं फिनिश मुख्यतः देवळापुरती राहिली. कोर्ट, कचेरी सगळं स्वीडिशमध्ये. शेतकऱ्याचा खटला त्याला न कळणाऱ्या भाषेत लिहिला जायचा.

१८०९मध्ये फिनलंड रशियाच्या झारकडे गेला, तरी कारभार स्वीडिशच राहिला. १८५०मध्ये तर हुकूम निघाला, की धर्म आणि शेती-व्यवसाय सोडून दुसरं काही फिनिशमध्ये छापायचं नाही. सामान्य माणसाने कादंबऱ्या आणि राजकारण वाचलं तर त्याच्या डोक्यात काय शिरेल, याची धास्ती.

चित्र पालटलं ते १८६३मध्ये. स्नेलमान या विचारवंताच्या खटपटीने झार दुसऱ्या अलेक्झांडरने फर्मान काढलं: वीस वर्षांच्या आत कोर्टकचेऱ्यांत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचं स्थान मिळेल. गंमत म्हणजे फिनिशसाठी आयुष्यभर झटलेल्या स्नेलमानची स्वतःची भाषा स्वीडिश होती. म्हणजे आता अधिकाऱ्यांवर फिनिश शिकायची पाळी आली! भाषेकडेही पुरेसे शब्द नव्हते, ते घडवावे लागले. ‘काळेवाला’ हे महाकाव्य जुळवणाऱ्या डॉक्टर ल्योनरोटने ‘किएली’ म्हणजे भाषा आणि ‘ओप्पी’ म्हणजे शिकवण जोडून व्याकरणाला ‘किएलिओप्पी’ हा शब्द दिला. ज्या किएलिओप्पीने माझी झोप उडवली, तो शब्दही कुणीतरी बसून बनवलेला आहे, हे कळल्यावर त्याची भीती जरा कमी झाली.

आणि तसं पाहिलं तर मराठी माणसाला ते इतकं परकंही नाही. फिनिशला पंधरा विभक्त्या आहेत म्हणून लोक घाबरतात. पण आपण ‘स-ला-ते’ म्हणतच मोठे झालो ना? ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ घरात, ‘तालोस्ता’ घरातून. प्रत्यय लागताना शब्द आतून बदलतो, रस्ता म्हणजे ‘कातू’ आणि रस्त्यावर म्हणजे ‘कादुल्ला’. आपलं ‘पाऊस’चं ‘पावसात’ होतंच की.

आजींनी मला आलेक्सिस किवीची १८७०ची ‘सात भाऊ’ ही कादंबरी दिली, सोप्या फिनिशमधली. सात दांडगट भाऊ, एकालाही वाचता येत नाही. पाद्रीचा तगादा आणि पोरीशी लग्नाची इच्छा, म्हणून ते चर्चच्या मास्तरकडे जातात. मास्तर त्यांना दाराजवळच्या कोपऱ्यात बसवतो, केस ओढतो. शेवटी भाऊ खिडकी फोडून जंगलात पळतात. वाचायला शिकतात, पण कितीतरी वर्षांनी, स्वतःला वाटलं तेव्हा. आणि त्यांना शिकवतो कोण? सगळ्यांत धाकटा भाऊ, एरो.

ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि लेकीला म्हटलं, “उद्यापासून तू माझी मास्तरीण. पण डॉक्टरकडे मी एकटी जाणार.”

चार महिने रोज रात्री अर्धा तास. ती तिच्या बालवाडीतल्या भांडणांच्या गोष्टी सांगायची, मी फिनिशमध्ये प्रश्न विचारायचे. पाठ केलेलं काही नाही. चुकले की ती कपाळावर हात मारायची, पण केस ओढले नाहीत.

दुसऱ्या वेळी ‘टुक’ झाला तेव्हा शेजारी कोण काय बोलतंय ते मला ऐकूच आलं नाही. माझं अडखळतं फिनिश ध्वनिमुद्रित होऊन तपासायला गेलं युवॅस्क्युलाच्या विद्यापीठात. हे गाव मी आता ओळखते. १८५८मध्ये पहिली फिनिश माध्यमाची माध्यमिक शाळा तिथेच निघाली. १८६३मध्ये, फर्मानाच्याच वर्षी, फिनिशमधून शिक्षक घडवणारं पहिलं विद्यालयही तिथेच सुरू झालं आणि पुढे त्याचंच विद्यापीठ झालं. ज्या भाषेला कचेरीच्या दाराबाहेर उभं केलं होतं, तीच आता दाराशी बसून मला विचारते, तुला मी येते का? या प्रश्नाचा मला अजूनही थोडा राग येतो. पण तो विचारणारी स्वतः किती काळ बाहेर उभी होती, ते आता मला माहीत आहे.

परवा दातांच्या डॉक्टरकडे एकटी गेले. दुसरी दाढ वाचली, हे मला फिनिशमध्ये कळलं. आणि हो, बोलण्यात ३.