न दिसणं आणि नसणं: काजव्यांच्या इतिहासाविषयी

आजचा विषय जाहीर झाल्यावर कुणीतरी आयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचं काजव्यांशी काय देणंघेणं? देणंघेणं फार जुनं आहे. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतू पंधरा दिवस उपाशी राहतो आणि त्याला पाठ केलेलं काही आठवेनासं होतं. तेव्हा बाप त्याला समजावतो, की मोठ्या अग्नीतून काजव्याएवढा एक निखारा उरावा, त्याने फारसं काही जळू नये, तशी तुझी गत झाली आहे. श्वेताश्वतरात योग्याला ध्यानात दिसणाऱ्या खुणांमध्ये धुकं, धूर, वीज यांच्या जोडीला काजवा आहे. आणि ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात, नम्रता म्हणून, सूर्यापुढे काजवा आणून ठेवला आहे.

आता न्यायसूत्रांत दृष्टान्ताची व्याख्या अशी, की ज्या गोष्टीबद्दल सामान्य माणूस आणि जाणकार या दोघांचंही एकमत असतं, तो दृष्टान्त. म्हणजे काजवा हा दृष्टान्त म्हणून चालत होता, याचाच अर्थ ऐकणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला होता. हा एक ऐतिहासिक पुरावाच आहे, बरं का. आमच्या अध्यापनाच्या शेवटच्या काही वर्षांत मात्र ‘खद्योतमात्र’ हा शब्द वर्गात आला, की काजवा म्हणजे काय ते आधी सांगावं लागे. दृष्टान्तच समजावून द्यावा लागला तर तो दृष्टान्त राहत नाही. पण किती काजवे होते, हे यातलं कुठलंच पुस्तक सांगत नाही. उपमेला आकडा लागत नाही.

मग काजवे कमी झाले, हे आपण कशावरून म्हणतो? मावळात, अकोल्याकडे, कोकणात आमच्या वयाची माणसं सांगतात, ‘पूर्वी झाडंच्या झाडं लखलखायची.’ नैयायिक स्मृतीला प्रमाण मानत नाहीत. ती खोटी असते असं त्यांचं म्हणणं नाही. ती नवं ज्ञान देत नाही, एवढंच. आमची अडचण जास्त साधी आहे. लहानपणी अंगणात झोपणारा माणूस आज तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला जाळी लावून झोपतो. त्याला काजवे दिसत नाहीत, यात काजव्यांचा दोष किती?

इथे सातव्या शतकातले कुमारिल भट्ट उपयोगी पडतात. एखादी वस्तू नाही, हे कसं कळतं? त्यांचं उत्तर: ती न दिसण्यावरून. याला अनुपलब्धी म्हणतात. (प्राभाकर मंडळींना हे स्वतंत्र प्रमाण मान्य नाही, तो वाद आज नको.) पण त्याला एक अट आहे, योग्यतेची. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. काजव्याचं नेमकं उलटं आहे. त्याला पाहायला अंधार लागतो. मे महिन्याचा उत्तरार्ध ते जूनचा पहिला पंधरवडा, पावसाच्या तोंडावरची दमट रात्र, हिरडा, बेहडा, जांभळाचं झाड, आणि आसपास दिवा नाही. एवढं जुळलं आणि तरी काजवा दिसला नाही, तर मग बोलावं.

अशी परिस्थिती वर्षानुवर्षं सांभाळून कुणी पाहिलं का? इतिहासात शोधलं तर गंमत अशी दिसते, की काजवे मोजले गेले ते बहुतेक विकले जात होते म्हणून. जपानात बिवा सरोवराच्या परिसरात काजव्यांचे चक्क घाऊक व्यापारी होते. लाफ्काडियो हर्न यांनी १९०२ च्या पुस्तकात या धंद्याचं वर्णन केलं आहे. काजवे पकडणारा लांब बांबू घेऊन रात्री निघे, नदीकाठच्या झाडांवर तो आपटी, खाली पडलेले काजवे भराभर वेची, आणि हात भरले की तोंडात ठेवी! हे काजवे शहरांत मेजवान्यांच्या शोभेसाठी जात. त्याच सरोवराकाठी मोरियामा नावाचं गाव आहे. तिथल्या काजव्यांना १९२४ साली राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. पुढे काजवेच उरले नाहीत, तेव्हा दर्जा काढून घ्यावा लागला. इथे अनुपलब्धीची अट पुरी होते. माणसं तिथेच होती, दरवर्षी बघत होती, आणि बघण्यात त्यांचा पैसा गुंतला होता.

अमेरिकेत हेच प्रयोगशाळेसाठी झालं. १९४७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकएलरॉय यांनी मुलांना १०० काजव्यांमागे २५ सेंट देऊ केले. त्या काजव्यांवरून कळलं, की हा प्रकाश पेटायला एटीपी लागतं, म्हणजे प्रत्येक जिवंत पेशी ऊर्जेसाठी वापरते तेच द्रव्य. पुढे सेंट लुईसची सिग्मा कंपनी कित्येक वर्षं मुलांकडून आणि हौशी लोकांकडून लाखोंनी काजवे विकत घेत होती. १९८५ मध्ये काजव्यातल्या ल्युसिफरेजचं जनुक वेगळं काढून जिवाणूंत घालता आलं, तेव्हा कुठे या धंद्याची गरज संपत आली.

आपल्याकडे काजवा कुणी विकला नाही. चांगलंच झालं. पण त्यामुळे व्यापाऱ्याची वहीसुद्धा मागे राहिली नाही.

आता मूळ मुद्दा. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगाव खांब आले. वीज नको होती असं म्हणणाऱ्यांतले आम्ही नव्हे. कंदिलाच्या काजळीत अभ्यास केलेल्या माणसाने तसं म्हणू नये. पण या उजेडाने दोन वेगळ्या गोष्टी केल्या. पहिली, काजवा असूनही दिसेना. कुमारिलांच्या भाषेत योग्यता गेली. इथवर काजव्याचं काही बिघडलं नव्हतं. दुसरी गोष्ट घडते ती काजव्यांच्या बाबतीत. नर चमकतो तो मादीला दिसावा म्हणून, मादी उत्तर देते तीही चमकूनच. दिव्याखाली त्यांची खूणगाठ पटत नाही. खूण पटली नाही तर मीलन नाही, अंडी नाहीत. म्हणजे आधी तो आपल्याला दिसेनासा होतो, मग त्यांना एकमेकांना दिसेनासा होतो, आणि काही वर्षांनी खरोखरच नसतो. घड्याच्या बाबतीत असं होत नाही. तो अंधारात पडून राहतो, दिवा आणला की आहे तिथेच असतो. न दिसण्यातून नसणं निपजतं, अशी वस्तू मीमांसकांनी विचारात घेतलेली नव्हती.

दिव्याच्या जोडीला बाकीची कारणं आहेतच. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायी खाऊन जातं. चमकणारं आयुष्य शेवटचे काही आठवडे. झाडी तोडली, बांध साफ केले, औषधं फवारली, की घाव अळीवर पडतो आणि आपण वर झाडाकडे बघत बसतो. २०२० मध्ये जगभरच्या अभ्यासकांची मतं गोळा केली गेली, त्यात अधिवास नष्ट होणं, कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशकं ही तीन कारणं पुढे आली. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या अनेक जातींची तपासणी झाली. त्यात सुमारे १४ टक्के जाती धोक्यात आढळल्या. आणि निम्म्याहून अधिक जातींबद्दल निर्णय देण्याइतकी माहितीच नव्हती! जिथे मुलं पैसे घेऊन काजवे मोजून देत होती, तिथली ही स्थिती.

सह्याद्रीत सध्या उलटा प्रकार चालू आहे. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथे काजवे पाहायला हजारोंनी माणसं जातात. गाड्यांचे दिवे, मोबाइलचे दिवे, आणि अंधारात झाडाखालच्या गवतावर पडणारे पाय. भंडारद्याच्या अभयारण्यात वनखात्याला वेळेची बंधनं घालावी लागली. आम्हाला या गर्दीचा राग येतो, हे लपवत नाही. पण त्याच गर्दीमुळे तिथल्या घरांत दरवर्षी पाहुण्यांची नोंद होऊ लागली आहे. कोणत्या तारखेला, कोणत्या ओढ्याकाठी पाहुण्यांना नेलं, हे त्या घरांना ठाऊक असतं. बिवा सरोवराकाठच्या व्यापाऱ्यासारखंच त्यांचंही पोट त्यावर आहे. ‘यंदा अमुक झाड पेटलं नाही’ असं त्यांच्यापैकी कुणी म्हणालं, तर ती आमच्या पिढीची हळहळ नव्हे. ती योग्य अनुपलब्धी आहे.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली अशी: टॉर्चला लाल कागद लावून गेलं तर चालेल का? पांढऱ्या दिव्यापेक्षा बरं. पण तो पायाखालीच धरावा, झाडावर मारू नये; आणि पोहोचल्यावर तोही बंद करावा. डोळे पाव-अर्ध्या तासात अंधाराला सरावतात. दुसरी चिठ्ठी प्राभाकरांबद्दल आहे, तिला जरा वेळ लागेल.