चार फितींची शाळा

स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला की आपण बहुधा एकोणिसाव्या शतकापासून आरंभ करतो. आपल्या प्रांतापुरते ते योग्यच आहे. परंतु शेकडो मुलींनी एका छपराखाली कसे राहावे, मोठीने धाकटीला कसे सांभाळावे, याची विचारपूर्वक बांधणी त्याच्याही शंभराहून अधिक वर्षे आधी फ्रान्समध्ये झाली होती. व्हर्सायच्या राजवाड्याजवळील सॅं-सीर या गावची ही शाळा. साहित्याचे अभ्यासक तिला ओळखतात ते नाटककार रासीनमुळे. आम्हांस मात्र तेथील मुलींच्या फितींची कथा अधिक बोधक वाटते.

शाळेची संस्थापिका मादाम द मँतनों. सन १६३५ मध्ये तिचा जन्म झाला तो तुरुंगात, कारण तिचा पिता त्या वेळी बंदिवासात होता. नाव खानदानी, घरात दारिद्र्य, आणि पुढे उर्सुलाइन धर्मभगिनींच्या मठात शिक्षण; असे तिचे बालपण गेले. कवी स्कारोंची ती विधवा. दैवगती अशी की, १६८३ च्या सुमारास राजा चौदाव्या लुईशी तिचा गुप्त विवाह झाला. राजसत्तेच्या इतक्या निकट पोहोचूनही परक्याच्या दाराशी आश्रित म्हणून राहणाऱ्या मुलीचे दुःख ती विसरली नाही. प्रथम र्‍युएल आणि मग न्वाझी येथे लहानशा शाळा चालवून पाहिल्यावर १६८६ मध्ये सॅं-सीरची भव्य वास्तू उभी राहिली. गरीब सरदार घराण्यांतील अडीचशे मुलींची तेथे विनामूल्य सोय होती. सातव्या ते बाराव्या वर्षी प्रवेश, विसाव्या वर्षापर्यंत वास्तव्य, आणि निघताना विवाहासाठी अथवा मठप्रवेशासाठी तीन हजार लिव्र. मात्र पित्याच्या बाजूने चार पिढ्यांचे खानदान सिद्ध करावे लागे. त्याच गावच्या शेतकऱ्याच्या मुलीला हे दार बंदच होते; हा डाग झाकण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

मुलींचा पोशाख साधा, तपकिरी रंगाचा. त्यावरील फितीवरून वर्ग ओळखला जाई. दहा वर्षांपर्यंतच्या मुलींची फीत लाल, अकरा ते तेरा वयाच्या मुलींची हिरवी, चौदा ते सोळापर्यंत पिवळी आणि त्यापुढे निळी. निळ्या वर्गातील ज्या मुली शिक्षिकांना साहाय्य करण्यासाठी निवडल्या जात, त्यांना काळी फीत मिळे. हिरवी सुटून पिवळी कधी मिळेल याची वाट त्या मुली कशी पाहत असतील, हे ज्यांच्या घरी शाळेत जाणाऱ्या मुली आहेत त्यांना सांगायला नको.

खरी खुबी या रंगांच्याही आत होती. प्रत्येक वर्गाचे आठ-दहा मुलींचे गट पाडलेले असत आणि त्या गटाला 'कुटुंब' म्हणत. गटप्रमुख मुलगी ही त्या कुटुंबाची 'आई'. घरापासून दूर आलेल्या सात वर्षांच्या पोरीला अडीचशेंच्या गर्दीत आपले असे आठ चेहरे मिळत. सकाळी सहाला उठणे, प्रार्थना, मिस्सा, वाचन, लेखन, हिशेब, धर्मशिक्षण, शिवणकाम आणि रात्री नऊला निजणे, असा दिनक्रम होता. मोठ्या मुली झाडलोट करीत, कपडे शिवीत, आजाऱ्यांच्या खोलीत सेवा करीत. संस्थापिका त्यांच्यासाठी स्वतः छोटे संवाद लिही आणि मुली ते आपसांत म्हणून दाखवीत. उपदेश कंटाळवाणा होतो हे तिने जाणले होते. आम्हां प्रवचनकारांनी याची नोंद घ्यावी.

संवादांवरून गाडी नाटकांवर गेली. मुलींनी रासीनचे 'आंद्रोमाक' इतके जिवंत वठविले की, त्यातील प्रेमावेश पाहून मँतनों घाबरली. तिने रासीनकडे प्रेमकथा नसलेले नाटक मागितले. त्याने बायबलमधील एस्तेर राणीची कथा घेतली आणि २६ जानेवारी १६८९ रोजी राजासमोर तिचा प्रयोग झाला. दरबार लोटला. इंग्लंडचा पदच्युत राजा दुसरा जेम्स आला, मादाम द सेव्हिन्येसारखी चोखंदळ लेखिका प्रसन्न होऊन परतली. पण टाळ्यांनी मुलींची डोकी फिरली. लॅटिन स्तोत्रे गायल्याने आवाज बिघडेल म्हणून त्या देवळात गाईनाशा झाल्या. हा रोग आमच्या काही गायनवृंदांनाही अपरिचित नाही.

मँतनोंने सप्टेंबर १६९१ मध्ये एका शिक्षिकेस लिहिलेल्या पत्रात या अहंकाराचा दोष मुलींवर ढकलला नाही. आपलाच गर्व साऱ्या घरात पसरला, अशी कबुली तिने दिली. इतका प्रामाणिकपणा संस्थाचालकांत विरळा. त्याच वर्षी रासीनचे दुसरे नाटक 'अथल्या' मुलींनी वेशभूषेवाचून, रंगमंचावाचून केले. पुढे उपाय अधिक कठोर झाला. १६९२ मध्ये, शार्त्रचे बिशप गोदे दे मारे यांच्या मार्गदर्शनाखाली, शिक्षिकांचा समुदाय संत ऑगस्टिनच्या नियमाखालील रीतसर मठ झाला. वाचन आखडले, हातकाम वाढले.

येथे आमचे मत आम्ही स्पष्ट मांडतो. दरबाराला दार बंद केले, ते योग्यच झाले. कोवळ्या वयातील मुली म्हणजे राजाची करमणूक नव्हे. पण प्रेक्षकांच्या अपराधासाठी पुस्तके का आखडावीत? फेनेलोंसारख्या धर्मगुरूने १६८७ मध्ये मुलींच्या शिक्षणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता आणि तोही या शाळेच्या परिवारात वावरत होता. ज्या मुलींच्या हाती आठ-दहा जणींचे कुटुंब विश्वासाने सोपविता येते, त्यांच्या हाती चांगले पुस्तक सोपविण्यास कचरणे आम्हांस विसंगत वाटते. सुदैवाने फिती आणि कुटुंबे टिकली. मठाची शिस्त आली तरी मोठ्या मुलीने धाकटीचा हात धरणे थांबले नाही.

राजाच्या निधनानंतर, १७१५ मध्ये, मँतनों कायमची या मुलींत राहावयास आली आणि १५ एप्रिल १७१९ रोजी तेथेच निवर्तली. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ मध्ये, शाळा बंद पडली. तिच्या अखेरच्या विद्यार्थिनींत कॉर्सिकाची एक मुलगी होती. सप्टेंबर १७९२ मध्ये तिचा भाऊ तिला घरी न्यावयास आला, तो तरुण अधिकारी नेपोलियन बोनापार्ट. १८०८ मध्ये त्यानेच त्या इमारतीत लष्करी विद्यालय आणले. मुलींसाठी मात्र त्याने एकुआँ येथे मादाम काम्पाँ यांच्या हाती दुसरी शाळा सोपविली, लिजन ऑफ ऑनरचा सन्मान मिळालेल्यांच्या कन्यांसाठी. तेथेही वर्गावर्गांना वेगवेगळ्या रंगांचे पट्टे ठरले. पॅरिसजवळच्या सॅं-दनी येथील त्या परंपरेच्या शाळेत मुली आजही ते बांधतात.