ईएसआय योजना: पॅनेल डॉक्टर आणि आजारपणाचे प्रमाणपत्र

तुमच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते आणि तरीही आजारी पडल्यावर तुम्ही ओळखीच्या खासगी डॉक्टरकडे पैसे भरून जाता का? तसे असेल तर तुमचे दोन प्रकारे नुकसान होते. उपचाराचा खर्च खिशातून जातो आणि बुडालेल्या पगाराची भरपाईही सहसा मिळत नाही. कारण भरपाईसाठी योजनेशी जोडलेल्या डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. ते डॉक्टर कोण, त्यांना योजनेत कसे घेतले जाते आणि प्रमाणपत्र कसे मिळवायचे, याची माहिती येथे दिली आहे.

योजना कोणासाठी?

कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. योजना लागू असलेल्या कारखान्यांत व आस्थापनांत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी तिच्यात येतात. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. जुलै २०१९ पासून कर्मचाऱ्याच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. उपचार विमाधारकाला आणि त्याच्या कुटुंबाला मिळतात. आजारपणाची रोख भरपाई मात्र फक्त विमाधारकाला मिळते.

पॅनेल डॉक्टर म्हणजे कोण?

प्राथमिक उपचाराची सोय दोन प्रकारे केलेली असते. काही ठिकाणी ईएसआयचा स्वतःचा दवाखाना असतो आणि तेथे पगारी डॉक्टर असतात. काही ठिकाणी वस्तीतल्या खासगी फॅमिली डॉक्टरशी करार केला जातो. कागदोपत्री त्यांना विमा वैद्यकीय व्यवसायी म्हणतात, लोक पॅनेल डॉक्टर म्हणतात. महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमध्ये ही पद्धत जुनी आहे.

या भागीदारीचे मुख्य मुद्दे असे:

• डॉक्टर नोंदणीकृत असावा आणि त्याचा स्वतःचा दवाखाना असावा. त्याचे खासगी रुग्ण त्याच दवाखान्यात येत राहतात.
• त्याच्या यादीवर ठरावीक विमाधारक कुटुंबे दिली जातात. एका डॉक्टरकडे जास्तीत जास्त २,००० विमाधारक असू शकतात.
• मोबदला प्रत्येक तपासणीमागे मिळत नाही, तर यादीवरील प्रत्येक विमाधारकामागे वर्षाला ठरलेली रक्कम मिळते. म्हणून विमाधारकाकडून तपासणीची फी घेता येत नाही.
• आजारपणाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्याला मिळतो. ईएसआय दवाखान्यातील डॉक्टरच्या प्रमाणपत्राइतकेच ते ग्राह्य असते.

कामगाराला याचा फायदा म्हणजे डॉक्टर घराजवळ असतो, कुटुंबाला ओळखतो आणि त्याच्याकडे जाण्यासाठी कामाचा दिवस मोडावा लागत नाही. या पद्धतीची एक अडचणही आहे. रुग्ण कितीही वेळा आला तरी रक्कम तीच असल्यामुळे एखादा डॉक्टर घाईने तपासू शकतो. यावर उपाय म्हणजे डॉक्टर बदलून घेण्याचा तुमचा हक्क.

प्रमाणपत्रावर किती पैसे मिळतात?

आजारपणात सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून या काळात लाभ मिळतो, तर ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये.

आजारपणाचे पहिले दोन दिवस धरले जात नाहीत. मात्र आधीचे आजारपण संपल्यापासून १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास ही अट लागत नाही.

उदाहरण: सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये आहे आणि प्रमाणपत्र १० दिवसांचे आहे. ६०० चे ७० टक्के म्हणजे ४२० रुपये. पहिले दोन दिवस वगळून ८ दिवसांचे ३,३६० रुपये मिळतील. ज्या दिवसांचा पगार मालकाने दिला आहे, त्या दिवसांची भरपाई मिळत नाही.

क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरवून दिलेल्या दीर्घ आजारांसाठी वेगळा, ८० टक्के दराचा वाढीव लाभ आहे. त्याच्या अटी शाखा कार्यालयात विचारून घ्या.

प्रमाणपत्र कसे घ्यावे?

१. ई-पहचान कार्डावर तुमच्या दवाखान्याचे किंवा पॅनेल डॉक्टरचे नाव असते. ते आजच पाहून ठेवा.
२. आजारी पडल्यावर पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे जा. चार दिवसांनी गेल्यास मागच्या तारखेचे प्रमाणपत्र मागू नका.
३. पहिले प्रमाणपत्र घ्या. आजार लांबला तर ठरलेल्या दिवशी पुन्हा तपासून पुढचे प्रमाणपत्र घ्या. कामावर जाण्यास योग्य झाल्यावर अंतिम प्रमाणपत्र घ्या. मधला खंड म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे बुडाले असे समजा.
४. प्रमाणपत्र मिळताच दाव्यासह शाखा कार्यालयात द्या आणि प्रत स्वतःजवळ ठेवा. रक्कम बँक खात्यात जमा होते.
५. मालकालाही लगेच कळवा. आजारपणाचा लाभ सुरू असताना मालक तुम्हाला कामावरून काढू शकत नाही.

उपचार सुरू असेपर्यंत डॉक्टरचा सल्ला पाळावा आणि त्यांच्या परवानगीशिवाय गावी जाऊ नये. या अटी मोडल्यास लाभ थांबू शकतो.

मेडिकल रेफरीकडे बोलावले तर?

प्रमाणपत्रे लांबत गेली किंवा शंका आली तर महामंडळ विमाधारकाला मेडिकल रेफरीकडे पाठवते. हा महामंडळाचा डॉक्टर दुसरे मत देतो. बोलावणे आल्यास घाबरू नका, पण गैरहजरही राहू नका. गैरहजर राहिल्यास लाभ थांबू शकतो. जाताना सर्व रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या.

नेहमीचे प्रश्न

माझा नेहमीचा डॉक्टर पॅनेलवर नाही. त्याचे प्रमाणपत्र चालेल का?
साधारणपणे नाही. मात्र अपघात, परगावी अचानक आजार अशा अपवादात्मक परिस्थितीत महामंडळ दुसरा पुरावा मान्य करू शकते. मूळ कागद जपून ठेवा आणि लवकरात लवकर शाखा कार्यालयात अर्ज द्या.

घर बदलले तर डॉक्टर बदलता येतो का?
होय. महामंडळाच्या संकेतस्थळावर स्वतःच्या लॉगिनमधून किंवा शाखा कार्यालयात अर्ज करा. महाराष्ट्रातून दुसऱ्या राज्यात कामाला गेलात तरी विमा क्रमांक तोच ठेवा आणि नव्या मालकाला तो सांगा.

पॅनेल डॉक्टरने फी किंवा प्रमाणपत्राचे पैसे मागितले तर?
देऊ नका. तारीख नोंदवून शाखा कार्यालयात लेखी तक्रार करा किंवा महामंडळाच्या १८००-११-२५२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.